डाव्या पायाची सुट्टी

वाहन कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दिवसभरात जी कोटेशने येतात, त्यांवरून लोकांच्या बदलत्या आवडीनिवडींचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. मी बँकेत रुजू झाले तेव्हा कोटेशनवर गाडीच्या नावापुढे रंग आणि फार तर वातानुकूलनाचा उल्लेख असे. आता मात्र ग्राहक खुर्चीवर बसता बसताच अभिमानाने सांगतात, "मॅडम, ऑटोमॅटिक घेतोय." त्यांचे अभिनंदन करणे हा माझ्या कामाचा भाग आहे आणि ते मी मनापासून करते. परंतु गेली काही वर्षे स्वतः ऑटोमॅटिक गाडी चालवत असल्यामुळे, त्या अभिनंदनामागे दडून राहणारे चार शब्द कधी तरी बोलून दाखवावेत असे वाटत होते. टेबलावर ते शक्य होत नाही, कारण मागे रांग असते. म्हणून हा लेखप्रपंच.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. ऑटोमॅटिक गाडी वाईट असते, असे माझे म्हणणे नाही. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या गृहस्थांना, डाव्या पायात अधूपण असलेल्यांना, किंवा रोज दोन-दोन तास इंच-इंच सरकणाऱ्या वाहतुकीत अडकणाऱ्या नोकरदारांना ती वरदान आहे. माझी तक्रार आहे ती तिचे दोष न सांगता ती विकली जाते, याविषयी. शोरूममध्ये गेले असता मला जे ऐकावे लागले ते असे, "मॅडम, ऑटोमॅटिकच घ्या, लेडीजना सोपी पडते." वडिलांच्या मारुती ८०० वर शिकलेली, सातारा ते महाबळेश्वर असंख्य वेळा स्वतः गाडी नेलेली मी, त्या तरुणाकडे पाहतच राहिले. पण मोह मलाही आवरला नाही, हे कबूल केले पाहिजे. बदलीमुळे इंदूरला आलेली, रोजचा शहरातला प्रवास, शाळेची वेळ, शाखेची वेळ. घेतली.

हे यंत्र काही नवलाईचे नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा स्वयंचलित गिअरबॉक्स दिला, त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे लोटली. आपल्याकडे मात्र अॅम्बॅसॅडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या स्टिअरिंगखालच्या दांड्यावर आपल्या आधीच्या पिढीचे हात बसले, त्यानंतर मारुतीचा जमिनीवरचा चार गिअरचा दांडा आला. ऑटोमॅटिक गाड्या होत्या, पण त्या मोठ्या घरच्या. मध्यमवर्गाच्या दारात हे सुख खऱ्या अर्थाने आले ते २०१४ साली, सेलेरिओ गाडीबरोबर. त्यात वापरलेली यंत्रणा स्वस्त होती, कारण गिअरबॉक्स नेहमीचाच. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी संगणकाच्या हुकमाने चालणारी यांत्रिक बोटे करतात. हिलाच एएमटी म्हणतात.

येथेच पहिली गोम आहे. 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळी यंत्रे विकली जातात, आणि चौघांचे स्वभाव भिन्न आहेत. एएमटीमध्ये गिअर बदलताना क्षणभर चाकांकडे जाणारी शक्ती तुटते, त्यामुळे आतले प्रवासी माना डोलावतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लचऐवजी तेल असते. चाल मऊ, परंतु तेलातून शक्ती पोहोचवताना काही वाया जाते, आणि जुन्या धाटणीच्या गाड्यांत त्याची किंमत पेट्रोलच्या रूपाने मोजावी लागे. सीव्हीटीमध्ये दोन पुल्या व त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा. त्यात गिअरच्या पायऱ्याच नाहीत, त्यामुळे जोरात पाय दिला की इंजिन आधी ओरडते आणि गाडी सावकाश मागून येते. दुहेरी क्लचचा डीसीटी गिअर झटकन बदलतो, पण त्याचे क्लच कोरडे असतील तर थांबत-सरकत जाणाऱ्या वाहतुकीत ते तापतात, आणि समोरच्या पडद्यावर थांबण्याचा इशारा उमटतो. ज्या गर्दीसाठी गाडी घेतली, त्या गर्दीतच तिने विश्रांती मागावी! बँकेत 'ठेव' या एका शब्दाखाली बचत, चालू, मुदत, आवर्ती अशा साऱ्या ठेवी एकाच नावाने विकल्या तर ग्राहक आपल्याला काय म्हणेल, याची कल्पना करावी.

सवयीही एकमेकींत मिसळतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या दांड्यावर पार्किंगसाठी 'पी' असतो. एएमटीच्या बहुतेक गाड्यांत तो नसतोच, तेथे गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करावी लागते. एकीवर शिकलेला माणूस दुसरीवर बसला की चुकण्याची शक्यता असते. 'पी' असलेल्यांतही चढावर गाडी उभी करताना आधी हँडब्रेक ओढायचा आणि मगच 'पी'त दांडा न्यायचा, हे कोणी सांगत नाही. उलट क्रम केला की साऱ्या गाडीचा भार गिअरबॉक्समधील एका लहानशा खुंटीवर लटकतो, आणि निघताना दांडा हलवला की जो 'कटकन्' आवाज येतो तो त्या खुंटीचा.

आता पैशांविषयी, कारण तो माझा प्रांत. त्याच गाडीच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक नमुन्यांत एएमटी असेल तर साधारण पन्नास हजारांच्या आसपास, आणि इतर प्रकारांत लाखभर किंवा त्याहून अधिक फरक पडतो. बहुतेक ग्राहक हा फरक हप्त्यात पाहतात, आणि हप्त्यात तो दिसत नाही. समजा १ लाख रुपये अधिक लागले, व्याज ९ टक्के, मुदत ७ वर्षे. हप्ता वाढतो सुमारे १,६०९ रुपयांनी. ८४ हप्त्यांत फेडावे लागतात १,३५,१४८ रुपये. म्हणजे डाव्या पायाच्या विश्रांतीवर सुमारे ३५ हजार रुपये नुसते व्याज. शिवाय अनेक राज्यांत वाहन कर किमतीच्या टक्केवारीत घेतला जातो, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात १० लाखांची सीमा ओलांडली की टक्केवारीच बदलते. विम्याचा हप्ताही गाडीच्या मूल्याशी बांधलेला. आणि कित्येक गाड्यांत ऑटोमॅटिक हवी तर वरच्या श्रेणीचा नमुनाच घ्यावा लागतो, म्हणजे नको असलेले छतावरचे काचेचे झरोकेही पदरात पडतात. हे सारे समजून घेऊन पैसे दिले तर हरकत नाही. मी ग्राहकाला दोन्ही नमुन्यांचे हप्ते कागदावर शेजारी शेजारी लिहून देते. काही जण विचारात पडतात, बरेचसे हसून ऑटोमॅटिकच घेतात. तो त्यांचा अधिकार.

परंतु पैसा ही दुय्यम गोष्ट झाली. खरे भय मला वाटले ते २०२२ च्या मे महिन्यात, गणपती घाटात.

इंदूरहून मुंबईच्या दिशेने निघाले की माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. त्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींनी किती संसार उद्ध्वस्त केले, हे इंदूरचे वृत्तपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. आम्ही साताऱ्याला निघालो होतो. गाडीत पाच माणसे, मागे आंब्यांसाठी नेलेल्या रिकाम्या पेट्या आणि सुट्टीचे सामान. दांडा 'डी'वर, मी निश्चिंत. उतार सुरू झाला तसा अॅक्सिलरेटरवरचा पाय मी काढला. पाय निघाला हे पाहून गिअरबॉक्सला वाटले की बाईंना आता शक्ती नको, इंधन वाचवावे. त्याने आपणहून वरचा गिअर टाकला. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जवळजवळ रोखत नाही. वेग वाढला, मी ब्रेक दाबला; सोडला, पुन्हा वाढला; पुन्हा दाबला. असे करत करत अर्ध्या उतारावर जळक्या रबरासारखा वास येऊ लागला आणि ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले.

त्या क्षणी बाबांचे वाक्य आठवले. मी शिकत असताना केळघर घाटात ते म्हणाले होते, "ज्या गिअरमध्ये घाट चढलीस, त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक हा थांबायला असतो, उतरायला नव्हे." मॅन्युअल गाडीत हे वाक्य हाताला ठाऊक असते, दुसरा गिअर टाकला की इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवते. ऑटोमॅटिकमध्येही ती सोय असते. दांड्यावर 'एल' किंवा '२' लिहिलेले असते, किंवा हाताने गिअर निवडण्याची खाच असते. पण दोन वर्षांत मी दांडा 'पी', 'आर', 'डी' यांपलीकडे कधी नेलाच नव्हता. तिथे जे काही आहे ते काय करते, हे गाडी ताब्यात देताना कोणी सांगितले नव्हते आणि मीही पुस्तिका उघडली नव्हती. खालच्या गिअरमध्ये दांडा ओढला, इंजिन घोंगावले, गाडीने दम धरला. कडेला जागा मिळताच थांबलो. अर्धा तास कोणी फारसे बोलले नाही. सासरे तेवढे म्हणाले, "सूनबाई, चहा मिळेल का बघा कुठे."

चूक माझी होती, हे मान्य. परंतु यंत्राचा दोष नेमका येथेच आहे असे मला वाटते. मॅन्युअल गाडी चालकाला अज्ञानी राहू देत नाही. चढावर गिअर चुकला तर ती गुदमरते, बंद पडते, मागचे लोक भोंगे वाजवतात. तुमचे अज्ञान ती चव्हाट्यावर मांडते, म्हणून तुम्ही शिकता. ऑटोमॅटिक तुमच्या चुका पोटात घालते आणि वर्षानुवर्षे घालत राहते, आणि ती जेथे हात टेकते ती जागा नेमकी घाटाची असते.

ओव्हरटेक करतानाही हेच. आपल्या दुपदरी राज्यमार्गावर उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकायचे असेल तर समोरून येणाऱ्या बसचे अंतर डोळ्यांनी मोजून, आधी खालचा गिअर टाकून, मग बाहेर निघायचे असते. एएमटीमध्ये तुम्ही पाय दाबता, संगणक विचार करतो, क्लच सुटतो, गिअर बदलतो, क्लच लागतो. एवढा वेळ गाडी चुकीच्या बाजूला रेंगाळत असते. काल एक क्षण, परंतु त्या क्षणात बस बरीच जवळ आलेली असते. सवय झाली की चालक आधीच हाताने गिअर उतरवतो. म्हणजे फिरून मॅन्युअलच.

दोन पेडलांच्या गाडीत आणखी एक धोका आहे. जन्मभर क्लच दाबलेला डावा पाय अडचणीच्या क्षणी आपणहून खाली जातो आणि तेथे सापडतो रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी खिळते, मागचा येऊन आदळतो. याच्या उलट, उजव्या पायाने ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला गेला तर मॅन्युअलमध्ये निदान घाबरलेला डावा पाय क्लच दाबून चाकांची शक्ती तोडतो. ऑटोमॅटिकमध्ये तोडणारे कोणी नाही. जपानमध्ये वृद्ध चालकांच्या हातून होणाऱ्या अशा अपघातांची मोठी चर्चा झाली, विशेषतः २०१९ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक माता व तिची तीन वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडल्यानंतर. ज्येष्ठांसाठी ऑटोमॅटिक बरी असे आपण सहजपणे म्हणतो. ती बरी आहेच, पण शिकवणी घेऊन.

शिकवणीवरून कायद्याकडे येते. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीसाठी 'गिअरसह' आणि 'गिअरविना' असे दोन निराळे परवाने आहेत. स्कूटी चालवणाऱ्या मुलीला त्या परवान्यावर गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही. मोटारगाडीला मात्र हा भेद नाही. ऑटोमॅटिक गाडी घेऊन चाचणी द्या, हाती येणारा हलक्या वाहनाचा परवाना दोन्हींना चालतो. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो. जपाननेही १९९१ पासून तसा मर्यादित परवाना सुरू केला. आपला कायदा दुचाकीच्या बाबतीत जे जाणतो, ते चारचाकीच्या बाबतीत विसरतो, याचे मला नवल वाटते. आणि या विसराळूपणाची किंमत आमच्या घराने जवळजवळ मोजली होती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता एका लग्नासाठी रेल्वेने पुण्यास गेलो होतो. घरी सासरे आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारा भाचा. रात्री दीडच्या सुमारास सासऱ्यांच्या छातीत दुखू लागले. भाच्याजवळ परवाना होता, नवा कोरा. तो आमच्याच गाडीवर शिकलेला. त्याने किल्ली फिरवली तर गाडी मुकी. नऊ दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरली होती. मॅन्युअल असती तर रखवालदार आणि दोन शेजारी मिळून धक्का मारून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून ती चालू करता आली असती. ऑटोमॅटिक धक्क्याने चालू होत नाही. बॅटरीला बॅटरी जोडायच्या केबल इमारतीत कोणाकडेच नव्हत्या.

समोरच्या बिऱ्हाडातील काकांनी आपल्या गाडीची किल्ली आणून दिली. त्यांची स्वतःची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आदल्याच दिवशी झालेली, डोळ्यावर पट्टी. गाडी जुनी, पाच गिअरची. भाचा बसला, गाडी सुरू केली, क्लच सोडला आणि ती बंद पडली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा फाटकाच्या उतारवटावर मागे घसरली तेव्हा तो रडवेला होऊन उतरला. खिशात सरकारी परवाना, हातात किल्ली, आणि आजोबा मागच्या आसनावर. शेवटी १०८ ला फोन लागला आणि रुग्णवाहिका आली. सौम्य झटका होता, उपचार वेळेत झाले, आज सासरे रोज सकाळी फिरायला जातात. पण ती पंचवीस मिनिटे त्या मुलाच्या चेहऱ्यावर मी आजही पाहू शकते, जरी मी तेथे नव्हते.

रस्त्यात बंद पडण्याच्या गोष्टीतही ऑटोमॅटिकचा असाच नाजूकपणा. मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ट्रॅक्टरला दोर बांधून गावापर्यंत आणता येते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मात्र गिअरबॉक्सचे तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली की आतले दाते कोरडे फिरतात आणि गिअरबॉक्स खराब होतो. अगदी थोडे अंतर, अगदी मंद वेगाने, एवढीच काय ती मुभा. एरवी चालवणारी चाके उचलून किंवा अख्खी गाडी मालमोटारीवर चढवून न्यावी लागते. क्लच प्लेट बदलून देणारा कारागीर तालुक्याच्या गावी सहज सापडतो. ऑटोमॅटिकचा संगणक वाचणारे यंत्र त्याच्याकडे असेलच असे नाही. आमच्या बँकेच्या कित्येक शाखा अशाच गावांत आहेत, आणि तेथे बदली होऊन जाणाऱ्या सहकाऱ्यांनी गाडी घेण्यापूर्वी जवळचे अधिकृत वर्कशॉप किती मैलांवर आहे, एवढे तरी विचारून घ्यावे.

कोणी म्हणेल, विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर गिअर बदलणे हा प्रकारच उरलेला नाही, मग हे जुने कौशल्य कशाला उगाळायचे? उगाळायचे, कारण पुढली कित्येक वर्षे आपल्या रस्त्यांवर, नातेवाइकांच्या दारांत, शेजाऱ्यांच्या वाहनतळावर तीन पेडलांच्या गाड्या उभ्या असणार आहेत. आणि मध्यरात्री किल्ली कोणत्या गाडीची हाती येईल, हे आधी ठरवता येत नाही.

ऑटोमॅटिक मी विकलेली नाही. सोमवार ते शनिवार तीच माझी सोबतीण आहे, आणि संध्याकाळी सहाच्या गर्दीत मी तिला मनोमन दुवाही देते. पुस्तिका आता वाचली आहे, केबल डिकीत आहेत, दांड्यावरचा 'एल' परिचयाचा झाला आहे. रविवारी सकाळी मात्र समोरच्या काकांची जुनी गाडी मागून घेते. भाचा चालकाच्या जागी, मी शेजारी, काका मागे. गेल्या खेपेला पुलाच्या चढावर अकरा वेळा बंद पडली. बाराव्यांदा त्याने हँडब्रेक ओढून ठेवला, क्लच अर्धा सोडला, इंजिन किंचित दबल्याचे त्याच्या पायाला कळले, आणि गाडी एक बोटही मागे न सरकता वर निघाली. "मामी, कळलं!" तो ओरडला, आणि तिसरा गिअर टाकायचे विसरला.